पूलमधील नेम धरण्याच्या पद्धती: कोणती शिकावी आणि वाद नेमका कशावर घालावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दीड वर्षापासून पूल, म्हणजे क्यू या काठीने टेबलावरचे बॉल पॉकेटमध्ये घालण्याचा खेळ, खेळता. सरळ आणि हलक्या कटचे, म्हणजे तिरके मारून थोडेसे वळवायचे, बॉल बऱ्यापैकी पॉट करता (पॉकेटमध्ये घालता), पण वळवायचा कोन वाढला की हमखास चुकता. आजवर तुम्ही घोस्ट बॉलच्या पद्धतीने नेम धरत आलात. तुमच्याबरोबर खेळणाऱ्या एका मित्राने सेंटर-टू-एज पद्धत शिकून घेतली असून त्याच्या मते बाकी सगळा अंदाजपंचे कारभार आहे. दुसऱ्या मित्राच्या मते ती पद्धत म्हणजे निव्वळ बुवाबाजी असून ती भूमितीत बसतच नाही. या दोघांत खरे कोण, तुम्ही कोणती पद्धत शिकावी आणि लो-डिफ्लेक्शन शाफ्ट (बाजूला मारताना बॉल कमी ढळवणारा, क्यूचा पुढचा दांडा) घेतल्याने नेम सुधारेल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

मी वीसेक वर्षे खेळतो आहे आणि त्यातली बारा वर्षे शिकवतो आहे. या वादात मी दोन्ही बाजूंनी भांडून झालो आहे, त्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकतो. तुमच्या दोन्ही मित्रांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त ते एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. पहिला सांगतो आहे की त्याचे बॉल आता पॉकेटमध्ये जाऊ लागले. दुसरा सांगतो आहे की ते ज्या कारणाने जातात असे पहिल्याला वाटते, ते कारण खरे नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातच.

आधी हे पाहू की आपल्याला चुकायला जागा किती असते, कारण हा हिशेब एकदा डोळ्यांसमोर आला की वादातला निम्मा आवेश ओसरतो. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मि.मी. असतो. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांप्रमाणे कॉर्नर पॉकेटचे तोंड साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ११४ ते ११७ मि.मी. असते. याचा अर्थ बॉलचा मध्य पॉकेटच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना जेमतेम २९ मि.मी. सरकला तरी चालते. ऑब्जेक्ट बॉल, म्हणजे पॉट करायचा बॉल, पॉकेटपासून एक मीटरवर असेल, तर ही मोकळीक दोन्हीकडे सुमारे १.६ अंश भरते. आता क्यू बॉलकडे, म्हणजे क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलकडे या. ३० अंशांच्या कटमध्ये क्यू बॉलची रेषा १ मि.मी. बाजूला सरकली, तर ऑब्जेक्ट बॉलची दिशा जवळपास १.२ अंशांनी बदलते. ६० अंशांच्या कटमध्ये तेवढ्याच चुकीने ती पूर्ण २ अंशांनी बदलते. म्हणजे ३० अंशांच्या कटला तुमच्याकडे दोन्ही बाजूंना १.४ मि.मी. आणि ६० अंशांच्या कटला जेमतेम ०.८ मि.मी. एवढीच जागा आहे. क्यू बॉलही एक मीटर लांब असेल, तर १.४ मि.मी. म्हणजे क्यूच्या दिशेतली ०.०८ अंशाची चूक. आकाशातला पूर्ण चंद्र आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो. त्याच्या एक षष्ठांशाइतक्या बारकाईने तुम्हाला क्यू धरायचा आणि सरळ चालवायचा आहे. कोन वाढला की तुम्ही जास्त चुकता यात तुमचा विशेष दोष नाही, कारण तिथे जागाच निम्मी होते.

या आकड्यांवरून मी जो निष्कर्ष काढतो, तो असा: शब्दांत सांगता येणारी कोणतीही पद्धत तुम्हाला शेवटच्या मिलिमीटरपर्यंत नेऊन पोहोचवू शकत नाही. ती तुम्हाला जवळ आणते. उरलेले अंतर सरावाने कमावलेली नजर भरून काढते, मग खेळाडूला ते जाणवो अथवा न जाणवो.

आता घोस्ट बॉल. ऑब्जेक्ट बॉलच्या पाठीमागे, पॉकेटच्या रेषेवर, त्याला चिकटून एक अदृश्य बॉल बसला आहे अशी कल्पना करायची आणि क्यू बॉलचा मध्य त्या अदृश्य बॉलच्या मध्यावर पाठवायचा, ही ती पद्धत. भूमिती म्हणून ती निर्दोष आहे आणि सुरुवातीला सगळ्यांना तीच शिकवावी असे माझे मत आहे, कारण बॉल का आणि कुठे जातो हे तिच्याइतके स्वच्छ दुसरी कोणतीही पद्धत समजावत नाही. अडचण एवढीच की जिथे काहीच नाही अशा जागेवर नजर स्थिर करायला ती सांगते. खाली वाकून क्यूमागे आल्यावर ती रिकामी जागा हळूहळू ऑब्जेक्ट बॉलकडे सरकू लागते, कारण डोळ्याला टेकायला काहीतरी खरे लागते. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. दोन बॉल जिथे एकमेकांना स्पर्श करणार आहेत तो स्पर्शबिंदू आणि क्यू बॉलचा मध्य जिथे पाठवायचा तो नेमबिंदू, या दोन वेगळ्या जागा आहेत. क्यू बॉलचा मध्य थेट स्पर्शबिंदूवर रोखला, तर बॉल दर वेळी जाड लागतो, म्हणजे हवा त्यापेक्षा जास्त भरून लागतो आणि कमी वळतो (उलट चूक ती पातळ), आणि कोन जितका मोठा तितका जास्त जाड.

यावर एक जुना आणि साधा तोडगा आहे, तो मी सगळ्यांना पहिल्या दिवशी दाखवतो. क्यू बॉलमागे उभे राहून ऑब्जेक्ट बॉलच्या मध्यापासून स्पर्शबिंदू बाजूला किती दिसतो ते पाहायचे आणि त्याच्या दुप्पट अंतरावर नेम धरायचा. स्पर्शबिंदू मध्यापासून १ सें.मी. बाजूला दिसत असेल, तर नेम २ सें.मी. बाजूला. दोन्ही बॉल सारख्या आकाराचे असल्यामुळे हे दुप्पट अंतर भूमितीने तंतोतंत बरोबर येते. इथे अंदाज फक्त तो एक सेंटिमीटर मोजण्यात आहे. तुम्ही आजवर स्वतःच्या नकळत स्पर्शबिंदूवरच नेम धरत आला असाल, तर एवढ्या एका दुरुस्तीने तुमच्या चुकांचा मोठा भाग निघून जाईल. म्हणून नवी पद्धत शोधण्याआधी हे तपासून पाहा.

ऑब्जेक्ट बॉलचा किती भाग झाकला जातो यावरून नेम धरणाऱ्या अपूर्णांकांच्या पद्धतीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, पण तिच्यातली एक गोष्ट प्रत्येकाने घोटून ठेवावी. क्यू बॉलचा मध्य ऑब्जेक्ट बॉलच्या कडेवर रोखला की अर्धा बॉल झाकला जातो आणि कट ३० अंशांचा होतो. तीन चतुर्थांश बॉल झाकला तर साडेचौदा अंश, एक चतुर्थांश झाकला तर साडेअठ्ठेचाळीस अंशांच्या आसपास. या पद्धतीचा मोठा गुण असा की बॉलची कड ही खरी, दिसणारी वस्तू आहे. नजरेला टेकायला जागा मिळते. अवगुण असा की तीन चतुर्थांश आणि अर्धा यांच्यात पंधरा अंशांहून जास्त फरक आहे, आणि आपल्याला मोकळीक मिळते ती एकूण तीन अंशांच्या आतबाहेर. मधल्या सगळ्या शॉटना ‘अर्ध्याहून थोडा जाड’ असेच म्हणावे लागते, आणि तो ‘थोडा’ पुन्हा नजरेच्याच भरवशावर सोडलेला असतो. तरीही मी अर्ध्या बॉलचा आग्रह धरतो, त्यामागे दुसरे एक कारण आहे. नैसर्गिकपणे लोळत जाणारा क्यू बॉल पाव ते पाऊण बॉलच्या सगळ्या पट्ट्यात आपल्या मूळ दिशेपासून साधारण ३० अंशच वळतो. त्यामुळे अपूर्णांक ओळखणाऱ्याला नेमाबरोबर क्यू बॉल पुढे कुठे जाणार हेही आयतेच कळते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नेमाच्या पद्धतींवर तासन्‌तास बोलणारे खेळाडूही याबद्दल क्वचितच बोलतात, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो.

बॉल गुळगुळीत दिसले तरी आदळताना त्यांच्यात घर्षण असते. कट शॉटमध्ये क्यू बॉल ऑब्जेक्ट बॉलच्या अंगावरून घासत जातो आणि जाता जाता त्याला आपल्या दिशेने किंचित ओढतो. यालाच थ्रो म्हणतात. त्यामुळे ऑब्जेक्ट बॉल दोन्ही बॉलच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवर जात नाही. तो तिच्यापासून थोडा ढळतो, आणि नेहमी जाड लागल्यासारखाच जातो. हा ढळ जास्तीत जास्त फुटाला एक इंच, म्हणजे पाच अंशांच्या आसपास असू शकतो. हळू मारलेला, स्पर्शाच्या क्षणी पुढे किंवा मागे न फिरणारा, म्हणजेच स्टन झालेला बॉल अर्ध्या बॉलच्या आसपास लागला की थ्रो सर्वांत जास्त असतो. वेग वाढवला की तो कमी होतो. क्यू बॉल चांगला लोळत असेल किंवा त्याला ड्रॉ (मागे फिरणारी उलटी गती) असेल तरीही कमी होतो. आता मघाचा हिशेब आठवा. मोकळीक १.६ अंशांची आणि थ्रो समजा ४ अंशांचा. एक मीटरवर ४ अंश म्हणजे ७० मि.मी. पॉकेट तुम्हाला फक्त २९ मि.मी. देते. म्हणजे घोस्ट बॉलच्या अचूक मध्यावर, एका केसाचाही फरक न करता क्यू बॉल पाठवला, तरी तो हळू स्टन शॉट चुकणारच!

या एका गोष्टीचे परिणाम दूरवर जातात. जी पद्धत शुद्ध भूमितीने बरोबर आहे तिचे काटेकोर पालन करणारा खेळाडू हळू कट जाड मारून चुकेल, आणि जो हे कट पॉट करतो तो त्या पद्धतीचे काटेकोर पालन करत नाही. त्याची नजर नकळत नेम पातळ करत असते. घोस्ट बॉलचा कट्टर समर्थक जेव्हा दुसऱ्या पद्धतीला ‘भूमितीत बसत नाही’ म्हणून हसतो, तेव्हा मला ही गोष्ट नेहमी आठवते, कारण त्याचा स्वतःचा यशस्वी शॉटही त्या भूमितीत बसत नसतो.

थ्रो पटत नसेल तर पाच मिनिटांत डोळ्यांनी पाहता येतो. दोन ऑब्जेक्ट बॉल एकमेकांना चिकटवून असे ठेवा की त्यांच्या मध्यांची रेषा कॉर्नर पॉकेटच्या मध्याकडे जाईल. पुढचा बॉल पॉकेटपासून मीटरभर असू द्या. आता मागच्या बॉलवर क्यू बॉल एका बाजूने, हलक्या हाताने मारा. पुढचा बॉल सरळ पॉकेटमध्ये जाण्याऐवजी तुम्ही मागच्या बॉलला ज्या बाजूला ढकलले त्या बाजूला ढळेल. मग बॉल पुन्हा तसेच मांडा, दोघांच्या स्पर्शबिंदूवर चॉकचा, म्हणजे क्यूच्या टोकाला लावायच्या खडूचा, हलका हात फिरवा आणि तोच शॉट मारा. ढळ वाढलेला दिसेल. नंतर दोन्ही बॉल स्वच्छ पुसून मारा. ज्या टेबलावर बॉल महिनोन्‌महिने पुसले जात नाहीत तिथे तुमचा नेम ‘बिघडतो’ आणि स्वच्छ बॉलवर ‘सुधारतो’, त्यातले बरेचसे रहस्य इतकेच आहे. बिलियर्ड्सच्या बॉलच्या गतीवर फ्रेंच गणितज्ञ कोरिओलिसने १८३५ सालीच सविस्तर ग्रंथ लिहिला, आणि आपण अजून ‘आज टेबल साथ देत नाही’ म्हणून सुटतो.

थ्रो टाळण्याचा एक उपाय म्हणजे बाहेरच्या बाजूचा स्पिन, म्हणजे क्यू बॉलला मध्याच्या बाजूला मारून दिलेली फिरकी. कट ज्या दिशेला करायचा त्याच्या उलट बाजूला क्यू बॉलवर योग्य तेवढा स्पिन दिला, तर दोन बॉल दातेरी चाकांसारखे एकमेकांवरून फिरतात, घासत नाहीत, आणि थ्रो जवळपास नाहीसा होतो. अर्ध्या बॉलच्या शॉटला त्यासाठी टिप (क्यूचे टोक) क्यू बॉलच्या मध्यापासून साधारण ६ मि.मी. बाजूला लागावी लागते. ऐकायला छान वाटते, पण तुमच्या टप्प्यावर मी हे सुचवणार नाही. बाजूचा स्पिन दिला की क्यू बॉल क्यूच्या रेषेवरून उलट दिशेला ढळतो, पुढे कापडावर थोडा वळतो, आणि एका चुकीच्या जागी दोन नव्या चुका पदरात पडतात. आधी मध्यावर मारायला शिका.

आता सेंटर-टू-एज. ही कल्पना हॅल हूल यांनी प्रसृत केली आणि पुढे स्टॅन शफेट यांनी तिला शिस्तबद्ध रूप दिले. ढोबळ मानाने ती अशी चालते. क्यू बॉलमागे उभे राहून क्यू बॉलचा मध्य आणि ऑब्जेक्ट बॉलची कड यांना जोडणारी एक रेषा पाहायची. त्याच वेळी क्यू बॉलची कड आणि ऑब्जेक्ट बॉलवरचा एक ठरावीक बिंदू, म्हणजे मध्य किंवा डावा-उजवा पाव भाग, यांना जोडणारी दुसरी रेषा पाहायची. या दोन्ही रेषा एकदम दिसतात अशी डोक्याची एकच जागा असते असे मानले जाते. तिथून खाली येताना क्यू मध्यापासून अर्धी टिप, साधारण ६ मि.मी., डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचा आणि मग मध्यावर फिरवून आणायचा. जिथे तो थांबतो, तो तुमचा नेम. मोजक्या दृश्यांमधून आणि दोन फिरवण्यांमधून टेबलावरचे सगळे कट निघतात असा दावा आहे. दुसऱ्या मित्राचा आक्षेप नेमका याच दाव्यावर आहे: दोन बॉलमधले अंतर तेच, दृश्य तेच, फिरवणे तेच, तर येणारा कोनही तोच असला पाहिजे, मग पॉकेट थोडे सरकवले तर बॉल पॉट कसा होतो? कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात यांत्रिक अभियांत्रिकी शिकवलेले डेव्हिड अल्सिएटोर यांनीही या आणि अशा पद्धतींची भूमिती तपासून मोजक्या दृश्यांची हीच मर्यादा दाखवून दिली आहे. मला त्या तर्कात आजवर चूक सापडलेली नाही.

आणि तरीही मी स्वतः आठ महिने फक्त याच पद्धतीने खेळलो, ते तिला खोटी पाडण्याच्या इराद्याने. त्या आठ महिन्यांत माझे लांबचे कट सुधारले. ही माझ्यासाठी लाजिरवाणी गोष्ट होती आणि तिचे कारण शोधायला मला बराच काळ लागला. कारण असे निघाले की या पद्धतीने मला पहिल्यांदाच प्रत्येक शॉटआधी उभे राहून दोन खऱ्या कडा पाहायला, डोके एका जागी आणून थांबायला आणि मग त्याच जागेवरून खाली उतरायला भाग पाडले. त्याआधी मी चालत चालत वाकायचो, आणि खाली आल्यावर क्यू इकडेतिकडे ढकलून नेम ‘शोधायचो’. पद्धतीने मला कोन दिला नाही. तिने मला दर वेळी त्याच पद्धतीने उभे केले. कोनाची शेवटची दुरुस्ती माझी सवयीची नजर करत होती, फक्त आता तिच्यासमोर दर वेळी सारखे चित्र येत होते.

हे मी केवळ तर्काने म्हणत नाही. याची चाचणी तुम्ही मित्राबरोबर करू शकता. कागदाच्या भोकांभोवती लावायच्या गोल चिकट कड्या टेबलावर चिकटवून बॉलच्या जागा पक्क्या करा. दोन बॉलमधले अंतर साठ सेंटिमीटर कायम ठेवा, ऑब्जेक्ट बॉल पॉकेटपासून मीटरभर ठेवा आणि क्यू बॉलच्या चार जागा अशा आखा की कट २४, २६, २८ आणि ३० अंशांचा येईल. चारही शॉटना तोच वेग आणि तोच लोळणारा क्यू बॉल ठेवा, म्हणजे थ्रोचा फरक मध्ये येणार नाही. मित्राला विचारा की या चारही शॉटना त्याची पद्धत तेच दृश्य आणि तेच फिरवणे सांगते का. सांगत असेल, तर मारू द्या. पद्धत जशीच्या तशी पाळली जात असेल, तर चारही वेळा एकच कोन येईल, आणि मोकळीक एकूण तीन अंशांच्या आसपास असल्यामुळे सहा अंशांच्या या पट्ट्यातले चारही बॉल पॉट होणे शक्य नाही. पॉट झाले, तर नियमात नसलेले काहीतरी त्याचे शरीर करते आहे. माझ्या टेबलावर चांगल्या खेळाडूंनी चारही पॉट केले आहेत, आणि माझ्या लेखी तो त्यांच्या कौशल्याचा पुरावा आहे, पद्धतीच्या भूमितीचा नव्हे. या पद्धतीचे विचारी समर्थक यावर म्हणतात की टेबलावरची जागा बदलली की तेच दृश्य वेगळे भासते. ठीक आहे, पण मग काम भासण्याने केले, आणि भासणे हे सरावानेच घडते.

एक दावा मात्र मी मुळीच मान्य करत नाही. नऊ फुटी टेबलावर खेळण्याची जागा १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद, म्हणजे दोनास एक या प्रमाणात असते, आणि ही पद्धत त्या प्रमाणामुळेच पॉकेटशी ‘जोडली’ जाते, असे सांगितले जाते. बॉलला टेबलाचा आकार माहीत नसतो. टेबलाच्या मधोमध चॉकचे दोन ठोकळे ११५ मि.मी. अंतरावर ठेवून फाटक करा आणि त्यातून बॉल घालवून पाहा. जो खेळाडू पॉकेटमध्ये बॉल घालतो तो या फाटकातूनही जवळपास तितक्याच वेळा घालतो, आणि फाटकाला ना दोनास एकचे प्रमाण ठाऊक, ना कुशनची (टेबलाच्या रबरी कडेची) रेषा.

डोळ्यांचा विषय बाजूला ठेवून नेमाची चर्चा पुरी होत नाही. माझ्याकडे एक तरुण मुलगा शिकायला येत असे. त्याचे डावीकडचे कट उत्तम जात, उजवीकडचे जवळजवळ सगळे जाड लागत. त्याने तीन महिन्यांत तीन पद्धती बदलल्या होत्या आणि प्रत्येक पद्धतीत तेच होत होते. मी टेबलाच्या पलीकडच्या रेलवर (कठड्यावर) एक छोटा आरसा उभा केला आणि त्याला आरशातल्या स्वतःच्या प्रतिमेवर क्यू रोखायला सांगितले. क्यू त्याच्या हनुवटीच्या मधोमध जात आहे असे तो शपथेवर सांगत होता. आरशात क्यू उजव्या गालाखालून, मध्यापासून चांगला दोन सेंटिमीटर बाजूने जात होता. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने डोके हळूच सरकवले आणि म्हणाला, “आता क्यू वाकडा दिसतोय.” सरळ क्यू त्याला वाकडा दिसत होता, कारण इतके दिवस वाकडा क्यू त्याला सरळ दिसत आला होता. त्यानंतर आम्ही पद्धतीबद्दल महिनाभर एक शब्दही काढला नाही. फक्त दोन्ही बॉल आणि पॉकेट एका रेषेत ठेवून सरळ शॉट मारले आणि डोक्याची ती जागा पक्की केली. क्यू बरोबर हनुवटीच्या मध्याखालीच असला पाहिजे असा नियम नाही; काहींचा तो एका डोळ्याखालीच शोभतो. सरळ रेषा तुम्हाला सरळ दिसेल अशी जागा सापडणे आणि दर शॉटला तीच जागा मिळणे महत्त्वाचे.

आता तुमच्यासाठी नेमके काय करावे ते सांगतो. पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. तीन जागा चिकट कड्यांनी पक्क्या करा: सुमारे १५ अंशांचा, ३० अंशांचा आणि ४५ अंशांचा कट, डावीकडचे आणि उजवीकडचे वेगळे. प्रत्येक जागेवरून वीस शॉट मारा आणि चुकलेल्या प्रत्येक शॉटपुढे जाड की पातळ एवढेच लिहा. किती पॉट झाले यापेक्षा चुका कोणत्या बाजूला झाल्या हे अधिक बोलके असते. दोन्ही दिशांचे कट जाड जात असतील, तर तुम्ही एक तर स्पर्शबिंदूवर नेम धरत आहात किंवा थ्रोसाठी नेम पातळ करत नाही. वर सांगितलेला दुपटीचा उपाय करा, आणि तोच शॉट अधिक वेगाने मारून फरक पडतो का ते पाहा. एका दिशेचे जाड आणि दुसऱ्या दिशेचे पातळ जात असतील, तर दोष डोक्याच्या जागेचा किंवा स्ट्रोकचा आहे आणि जगातली कोणतीही पद्धत तो झाकणार नाही. चुका दोन्ही बाजूंना सारख्या विखुरलेल्या असतील, तर क्यू सरळ चालत नाही. अशा वेळी रिकाम्या टेबलावर क्यू बॉल टेबलाच्या लांबीभर सरळ मारून तो पलीकडच्या कुशनवरून परत टिपवर येतो का, एवढाच सराव पंधरा दिवस पुरे.

हे झाल्यावर एकच पद्धत निवडा आणि ती किमान सहा आठवडे बदलू नका. तुम्हाला रिकाम्या जागेत आकार कल्पिता येत असेल तर घोस्ट बॉल ठेवा. येत नसेल तर अर्ध्या बॉलपासून सुरुवात करून जाड-पातळ करत जाण्याची पद्धत घ्या. मित्राची पद्धत शिकायचीच असेल तर शिका, त्यात अपाय काही नाही, पण तिच्यातली उभे राहून रेषा पाहण्याची शिस्त घ्या आणि ‘नजरेची गरज नाही’ हा दावा सोडून द्या. कोणतीही निवडली तरी नेम उभ्यानेच ठरवा. एकदा खाली वाकल्यावर नेम चुकला असे वाटले, तर क्यू ढकलून तो दुरुस्त करू नका. उठा, मागे या आणि पुन्हा उतरा. सुरुवातीला समोरचा खेळाडू कंटाळेल, त्याला कंटाळू द्या.

मोठे व्यावसायिक खेळाडू ‘मला शॉट नुसता दिसतो’ असे सांगतात, हे तुमचा दुसरा मित्र पुरावा म्हणून पुढे करेल. तो पुरावा फार पुढे जात नाही. हजारो तास खेळलेल्या माणसाला शॉट दिसतो हे खरेच आहे, पण तो दिसायला लागण्याआधी त्याने काय केले हे त्यालाही बहुधा आठवत नाही.

राहिला शाफ्टचा प्रश्न. लो-डिफ्लेक्शन शाफ्टच्या टोकाकडचे वजन कमी असते, त्यामुळे बाजूचा स्पिन देताना क्यू बॉल क्यूच्या रेषेवरून कमी ढळतो. मध्यावर मारलेल्या शॉटला त्याचा उपयोग नाही. मध्यावर मारतो आहोत असे वाटत असताना टिप प्रत्यक्षात दोन मिलिमीटर बाजूला लागत असेल, तर तो तुमची चूक थोडी सौम्य करेल आणि त्यामुळे ती लक्षात यायला उशीर लागेल. म्हणून आधी नोंदवहीतले ते आठवडे आहे त्याच क्यूने पुरे करा. पुढे स्पिनवर काम सुरू कराल तेव्हा घ्यावासा वाटला तर जरूर घ्या, पण घेतल्यावर जुना शाफ्ट कपाटात ठेवा. दोन्ही आलटून पालटून वापरलेत तर ढळाचा अंदाज एकाही शाफ्टवर बसणार नाही.